कोनच्या शेतातला वाडा

संक्रांतीच्या सुमारास एक दिवस धाकट्या जाऊबाईंकडे कोनला जायचं, हा माझा नेम. पनवेलहून पळस्पे फाटा मागे टाकला की गाव आलंच. लग्न होऊन आले तेव्हा इथे नजर जाईल तिकडे भाताची खाचरं होती. आता द्रुतगती मार्गावरून गाड्यांचा घोष अहोरात्र चालू असतो. ज्या घरांची सोडत २०१६ साली निघाली, त्या गिरणी कामगारांच्या उंच इमारती उभ्या आहेत. कर्नाळ्याचा सुळका तेवढा जागचा हललेला नाही.

यंदा चहा घेत ओट्यावर बसले होते, तर इमारतींच्या बाजूने मेंढरांचा "बें बें" ऐकू आला. "आले वाटतं आपले धनगर!" म्हणत जाऊबाई उठल्याच. मीही पदर खोचून त्यांच्या मागे निघाले.

कापणी झालेल्या खाचरात बिऱ्हाड उतरलं होतं. तीन दगडांची चूल, घोड्यावरून उतरवलेली भांडी, वाघर लावून केलेलं मेंढरांचं कुंपण, आणि एका टोपलीखाली झाकून ठेवलेली कोकरं. आपल्याला चार दिवस माहेरी जायचं तर बांधाबांध करताना नाकी नऊ येतात. या बायका दर दोन-चार दिवसांनी अख्खा संसार घोड्यावर लादतात आणि नव्या शेतात पुन्हा मांडतात!

ही मंडळी फलटण, बारामतीकडची. तिकडे पाऊस मुळातच कमी, म्हणून दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात यायचं, आणि इथला धो धो पाऊस मेंढरांना सोसत नाही, म्हणून मृगाच्या आत पुन्हा वर चढायचं. पिढ्यान्‌पिढ्यांचं हे गणित. शेतकऱ्याचाही यात फायदा. मेंढ्या रात्री शेतात बसवल्या की लेंडीखत आपोआप पडतं. त्याबद्दल पूर्वी भात द्यायचे, आता बहुतेक रोख पैसे देतात. जाऊबाई अर्ध्या शेतात वाल लावतात आणि अर्धं मेंढरांसाठी मोकळं ठेवतात.

वाड्यातली थोरली बाई चुलीपाशी भाकरी थापत होती. "बसा वैनी," म्हणत तिने घोंगडी अंथरली. मी सहज विचारलं, "यंदा उशीर झाला का हो, ताई?"

"पाऊस सोडंना, तर काय करावं? भात उभं, रानात चिखूल. मेंढरं घालावी कुठं?"

मग ती तीन-चार वर्षांमागचं सांगू लागली. २०२१ च्या डिसेंबरच्या पहिल्याच दिवशी पुणे नि नगर भागात अवकाळी पाऊस नि गार वारा सुटला होता. शेकडो मेंढ्या थंडीने आखडून गेल्या होत्या. वर्तमानपत्रात मी ते वाचलं होतं, आणि पान उलटून पाककृतीकडे वळले होते. ही बाई त्या रात्री घाटमाथ्यावर उघड्या रानात होती.

"पोरांवर घोंगडी टाकली, कोकरांवर माझं लुगडं टाकलं. सकाळी बगितलं तर बारा गेली व्हती." एवढं बोलून तिने भाकरी उलटली. मला पुढे काही विचारवेना.

२०२५ साली तर पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. इतका लवकर तो कधीच आला नव्हता म्हणतात. परतीच्या वाटेवरच्या वाड्यांची त्यात काय तारांबळ उडाली असेल! आपली फार तर वाळवणं भिजतात.

पण ही माणसं हातावर हात धरून बसलेली नाहीत, बरं का. तिची सून चौथी शिकलेली. मोबाइलवर पावसाचा अंदाज बघूनच आता घाट उतरायचा की थांबायचं ते ठरतं. घाटात गाड्यांची गर्दी फार, म्हणून लहान कोकरं टेम्पोतून आणतात. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस टोचून घेतात. पुण्याच्या 'अंतरा' संस्थेतल्या पशुवैद्य स्त्रियांनी अशा मेंढपाळ कुटुंबांत बरीच वर्षं काम केलं आहे. वाड्यात दुखऱ्या मेंढरांची देखभाल बायकाच करतात, हे त्यांनी नेमकं ओळखलं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी मेंढीत बंगालच्या गरोल मेंढीचा गुण आणून जुळी कोकरं देणारी जात तयार केली. मात्र जुळ्यांना दूध पुरवायचं तर आईला चारा हवा!

आणि चाऱ्याचंच कठीण झालंय. "पाऊस आमी सोसू. पर उतरायला रानच ऱ्हायलं न्हाई, तर जावं कुठं?" असं ती म्हणाली, तेव्हा जाऊबाईंनी मान खाली घातली. कारण मला ठाऊक होतं. शेताला गिऱ्हाईक आलेलं आहे. शेजारच्या दोन खाचरांना पत्र्याचं कुंपण पडलंसुद्धा.

रात्री पोपटी लावली होती. वालाच्या शेंगा सोलता सोलता जाऊबाई भावजींना म्हणाल्या, "विकायचं तर विकू, पण दोन वर्षं थांबू या. मेंढ्या बसल्या की खताचा खर्चही वाचतो." भावजी "बघू" म्हणाले. आपल्याकडे "बघू" म्हणजे निम्मा होकार, हो ना?

दुसऱ्या दिवशी हळदीकुंकू होतं. वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे आणले होते. जाऊबाईंनी वाड्यातल्या सासू-सुनांना आग्रहाने बोलावलं, पण त्यांच्या हातात डबा ठेवायचं मला पटेना. आमच्या ह्यांना फोन करून पनवेलच्या बाजारातून चांगली जाड ताडपत्री मागवली. थोरलीने ती उलगडून कडेची शिवण तपासली, कोपरे ओढून पाहिले आणि मगच कपाळाला लावली.

मैत्रिणींनो, थंडीत तुमच्या गावाबाहेरही असा वाडा उतरत असेल. रस्त्यात मेंढरं आडवी आली की आपण रिक्षात बसून चरफडतो. त्याऐवजी एकदा उतरून विचारा, पिण्याचं पाणी मिळतंय का, गुरांचा दवाखाना कुठे आहे ते ठाऊक आहे का. घोंगडी घ्यायची असेल तर लोकरीची, हातमागावरचीच घ्या. आणि वर्तमानपत्रात अवकाळी पावसाची बातमी आली, तर पान उलटण्याआधी पुरती वाचा. मी आता वाचते.