बातमीदाराच्या घरची रात्र

पोलिसांची बातमीदारी हा विचित्र पेशा आहे. ज्या अधिकाऱ्यांकडून रोजची बातमी मिळवायची, त्यांनाच अडचणीचे प्रश्न विचारायचे. 19 मे 2024 रोजी आमच्या खराडीजवळ, कल्याणीनगरात, भरधाव पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. अल्पवयीन चालकाला काही तासांत जामीन. अट काय, तर 300 शब्दांचा निबंध! बातमीदारांनी पाठपुरावा सोडला नाही. घटना वेळेवर न कळवल्यावरून येरवडा ठाण्याचे दोन अधिकारी निलंबित झाले. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या दोन डॉक्टरांना अटक झाली, ते वाचताना डॉक्टर म्हणून माझी मान खाली गेली.

त्याच सुमारास असा एक बातमीदार आपल्या आईला दवाखान्यात घेऊन आला. औषधे नियमित, मीठ कमी, तरी रक्तदाब उतरेना. मुलगा रात्री दीडला परते, तोवर आजी जाग्या. अपुऱ्या झोपेने रक्तदाब चढतो. ‘‘डॉक्टर, त्याला हे काम सोडायला सांगा,’’ आजी म्हणाल्या. भीती निराधार नव्हती. गुन्हेविषयक पत्रकार ज्योतिर्मय डे यांची 11 जून 2011 रोजी पवईत गोळ्या घालून हत्या झाली होती.

तरीही मी तसे सांगितले नाही. मुलाला एवढेच म्हणालो, ‘‘रोज दहाला आईला फोन करा. उशीर होणार असेल तर तोही स्पष्ट सांगा. वाट पाहण्यापेक्षा अनिश्चिततेचाच त्रास अधिक होतो.’’

महिन्याभराने रक्तदाब बराच उतरला. झोपेची तक्रार अजून आहे.