मुक्काम माहूर

माहूरला रेणुकेच्या पायऱ्या चढताना आधी कानावर येतो तो खलबत्त्याचा आवाज, घंटेचा नंतर. दोन्ही अंगांच्या दुकानांत विड्याची पानं कुटणं चाललेलं असतं. पान, कात, सुपारी, बडीशेप, वेलदोडे. खलातला हिरवा रंग बघता बघता विटकरी होतो. कुटणाऱ्या बाईच्या बोटांची पेरंही त्याच रंगाची झालेली. इथे देवीला तांबुलाचा नैवेद्य लागतो. मूर्ती म्हणजे नुसतं शेंदरी मुख, तेव्हा विडा हवाच. मला हे फार पटतं.

पुढे चढणारे एक आजोबा नातवाला सांगत होते, "दत्तमहाराज दिवसा नसतेत बाबू इथं. रातच्याला येतेत, निजायला." त्यानंतर देवीच्या गाभाऱ्यात उभा राहूनही माझं लक्ष समोरच्या दत्तशिखराकडे लागलेलं.

दत्ताचा दिनक्रम आपण लहानपणापासून ऐकलेला आहे: काशीला स्नान, कोल्हापूरला भिक्षा, माहूरला निद्रा. महानुभाव पंथाचे लोक मात्र जेवणाची जागा वेगळी सांगतात. त्यांच्या मते देव जेवतो गोदाकाठी, पांचाळेश्वरला. त्यांचा श्रीदत्तात्रेयप्रभू तीन तोंडांचा नाही, पंचकृष्णांपैकी एक आहे, आणि त्याचं निद्रास्थान म्हणजे माहूरचंच देवदेवेश्वर. एकाच गावी दोन वेगळे दत्त, दोन वेगळी शास्त्रं. तोंडं किती आणि ताट कुठे यावर एकमत नाही, अंथरुणावर मात्र आहे! रवळोव्यासांनी चौदाव्या शतकात ज्याच्यावर 'सह्याद्रिवर्णन' लिहिलं तो सह्याद्री हाच, पैनगंगेच्या कुशीतला. पश्चिम घाटाचा आणि त्याचा काही संबंध नाही.

या गावात दशनामी गोसाव्यांचा मठ आहे, महानुभावांचे आश्रम आहेत, सोनापीरचा दर्गा आहे, आणि किल्ला तर आहेच. तिथल्या देशमुखीण रायबागन मुघलांच्या बाजूने लढल्या. 1661 साली उंबरखिंडीत सापडलेल्या कारतलबखानाला शरण जाण्याचा शहाणा सल्ला दिला तो त्यांनीच.

जर्मनीत माउलब्रॉन नावाचं असंच मठाभोवती वाढलेलं गाव आहे. मठ सिस्टर्शियन साधूंनी 1147 साली स्थापलेला. पुढे धर्म बदलला, साधू गेले आणि 1556 साली तिथे शाळा निघाली. केपलर त्या शाळेत शिकला. हरमान हेसे 1892 साली तिथून पळून गेला. उपासाच्या दिवसांत देवाला दिसू नये म्हणून तिथले साधू मांस कणकेच्या पुडीत लपवून खात, अशी दंतकथा आहे. देवापासून लपवायचं म्हणजे देव दिवसभर घरातच बसलेला असणार. आमचं बरं आहे, आमचा दिवसा फिरतीवर असतो.

माहूरला आलेली माणसंही फार काळ टिकली नाहीत. फलटणचे चांगदेव राऊळ आले. वाघाच्या रूपात दत्तात्रेयांनी त्यांच्या डोक्यावर पंजा ठेवला, म्हणतात, आणि ते निघाले थेट द्वारकेला, सूप-खराटा घेऊन रस्ते झाडायला. साताऱ्याचे विष्णुदास तेवढे रेणुकेपाशी राहिले. 1917 साली ते गेले, पण त्यांची पदं आजही आरतीच्या वेळी ऐकू येतात.

दासोपंतांचं तसं झालं नाही. वडील दिगंबरपंत, बीदरच्या मुलखात नारायणपेठचे. दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी सरकारी कोठारातलं धान्य लोकांना वाटून टाकलं. सुलतानाने पोराला ओलीस ठेवलं: महिन्यात पैसे भरा, नाहीतर पोरगा आमच्या धर्मात. मुदतीच्या शेवटच्या दिवशी दत्ताजी पाडेवार नावाचा कुणी महार आला, रक्कम मोजून दिली आणि निघून गेला. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा बरीचशी अशीच आहे. देव दुष्काळाची बाकी चुकवायला येतो तो महाराच्या वेषात, ब्राह्मणाच्या नाही, हे आमच्या कथा रचणाऱ्यांना ठाऊक होतं. गावातल्या रोजच्या वागण्यात मात्र ते उतरलं नाही.

सुटका झाली तरी मुलाचं घरात मन लागेना. कुणीतरी आपली किंमत भरली, तो कोण, हे शोधायला तो माहूरला आला आणि बारा वर्षं राहिला. मग हुकूम झाला, इथून निघ, राक्षसभुवनला जा. तिथे वाळूत पादुका मिळाल्या. शेवटी आंबाजोगाईला बस्तान बसलं, आणि लिहिणं असं सुरू झालं की रोज एक ढब्बू पैशाची शाई लागे, असं सांगतात. गीतेवरचा 'गीतार्णव' एकटाच सव्वा लाख ओव्यांचा. तो पुरा वाचलेला माणूस मला अजून भेटायचा आहे, आणि भेटला तर मी जरा अंतर राखून बोलेन. पण कागदानेही त्यांचं भागलं नाही. पांघरायच्या पासोडीवर, सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर, त्यांनी 'पंचीकरण' लिहिलं: रकाने, आकृत्या आणि बारीक अक्षरांच्या ओव्या. सृष्टी कशी घडली याचा अख्खा नकाशा. अंगावर घ्यायच्या वस्तूवर वेदान्त लिहिणारा माणूस मला गीतार्णवाच्या कर्त्यापेक्षा जवळचा वाटतो.

1615 साली दासोपंत गेले. पासोडी आंबाजोगाईत त्यांच्या वंशजांनी चारशे वर्षं जपली आहे. सव्वा लाख ओव्या राहू द्या; लातूरहून आंबाजोगाई दीड तासावर आहे, तेवढी पासोडी बघून या.