जागा धरून ठेवणारा

फोनवर लांबच लांब यादी चाळता चाळता मध्येच एखादी लिंक उघडावी, वाचून झालं की बॅक दाबावं, आणि यादी होती त्याच ओळीवर पुन्हा समोर यावी. हे काम करणाऱ्या गड्याला कुणी नावानं हाक मारत नाही. त्याचा मुक्काम ब्राउझरच्या हिस्ट्रीत. आपण पानावरून निघालो की ते वरून किती सरकलेलं होतं तेवढा आकडा, समजा ४२०० पिक्सेल, तो टिपून ठेवतो. गर्दीच्या एसटीत कुणी आपल्यासाठी रुमाल टाकून जागा धरावी, तसा.

हिशेबाला फार चोख. एकच पान आपण दोनदा उघडलं तर दोन्ही खेपेच्या जागा त्याच्याकडे वेगळ्या असतात, आणि बॅक दाबत गेलं की ज्या खेपेची जागा त्याच खेपेला मिळते.

त्याची कसोटी लागते ती आपण परतल्यावर. पान पुन्हा नव्यानं उतरत असतं. मजकूर थोडासा आलेला, चित्रं अजून वाटेत, उंची जेमतेम ९०० पिक्सेल. ४२०० वर न्यायचं कुठे? मग हा धीर धरतो, पान वाढेल तसा पुन्हा प्रयत्न करतो. आणि तेवढ्यात आपणच बोटानं पान सरकवलं, तर स्वतःचा आकडा बाजूला ठेवून गप्प होतो. त्याचा हा गुण मला सगळ्यात जास्त भावतो. इतकी राखलेली जागा, पण वाचणाऱ्याची मर्जी आधी.

त्याला एक दांडगा जोडीदारही आहे. फायरफॉक्सनं २००५ साली १.५ या आवृत्तीत या जोडीदाराला कामाला लावलं. क्रोमनं अँड्रॉइडवर २०२० मध्ये आणि कॉम्प्युटरवर २०२१ मध्ये. हा आकडे टिपत बसत नाही, अख्खं पानच चालू स्क्रिप्टसकट मेमरीत गोठवून ठेवतो. परतलं की पान तिथल्या तिथे हजर.

असं गोठवलेलं पान हाताशी नसलं, की दुखणं सुरू होतं ते पान सरकवू तसतसा माल पुढे ओतत राहणाऱ्या वेबसाइटवर. तिथे आपण तळाशी पोचलेलो असतो, आणि परतताना मात्र पहिला हप्ताच उतरतो. अशांसाठी २०१५ मध्ये क्रोमच्या ४६व्या आवृत्तीत एक सोय आली : ‘हिस्ट्री डॉट स्क्रोल-रिस्टोरेशन’ला ‘मॅन्युअल’ म्हटलं की आपला गडी हात आवरतो, आणि जागा राखायची जबाबदारी वेबसाइटकडे जाते. सोय रास्तच आहे. पण कित्येक जण अधिकार घेतात आणि जबाबदारी तिथेच टाकून देतात. मग शंभरेक वस्तू पाहून झालेल्या माणसाला बॅक दाबताच थेट पहिल्या वस्तूपाशी नेऊन उभं केलं जातं. डेटा मोजून वापरणाऱ्याला, बोट थरथरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला पुन्हा तेवढं सगळं सरकवायला लावणं हा मला सरळ सरळ अन्याय वाटतो.

पानं बांधणाऱ्यांना फार काही करावं लागत नाही. स्वतः जागा राखणार नसाल तर ‘मॅन्युअल’ म्हणू नका, मुळातलं ‘ऑटो’च राहू द्या. आणि प्रत्येक चित्राची रुंदी-उंची आधीच लिहा. म्हणजे चित्र यायच्या आत त्याच्यापुरती मोकळी जागा सुटते, पानाची उंची ठरते, आणि आपल्या गड्याला पान ४२०० वर लगेच नेता येतं.