कबाबाचे पुडके

बाहेर जाऊन खाणे आणि बाहेरचे घरी आणून खाणे या दोन गोष्टी दिसावयास जवळच्या असल्या, तरी एकत्र कुटुंबात त्यांच्यामध्ये फार मोठे अंतर असते. घरातील मुलगा बशीरगंजात उभा राहून काय खातो हा त्याचा आणि त्याच्या जिभेचा प्रश्न. तो परत येताना तोंडात वेलदोडा टाकतो, वडील माणसांस त्या वेलदोड्याचा वास येतो, आणि ती गप्प बसतात. या गप्प बसण्यावर कित्येक घरे तीन-तीन पिढ्या सुखाने नांदली आहेत. परंतु तेच खाणे कागदात बांधून उंबरठ्याच्या आत आले, की प्रश्न त्या मुलापुरता राहत नाही. ते कोठे ठेवावयाचे, कोणत्या ताटात वाढावयाचे, ते ताट कोणी घासावयाचे, असे दहा प्रश्न त्या पुडक्याबरोबर आत शिरतात आणि ते साऱ्या घराचे होऊन बसतात.

आमच्या घरी हे पुडके आमच्या काकांच्या निमित्ताने आले. काकांचे वय आज ८५. बीड जिल्हा १९५६ साली हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला आणि १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठही निघाले. तथापि आमच्या आजोबांचे शिक्षण निजामी अमदानीत उर्दूतून झालेले, त्यांच्या लेखी विद्या म्हणजे हैदराबाद. त्यांनी काकांना उस्मानिया विद्यापीठातच धाडले. तेथे काकांनी गणित किती संपादन केले हे सांगवत नाही, पण चारमिनारच्या आसपासच्या गल्ल्यांतून सीख, शामी आणि शिकमपुरी यांचा अभ्यास मात्र त्यांनी मनापासून केला. बीडला येऊन मास्तरकी करू लागल्यावरही दर बुधवारी संध्याकाळी ते ‘जरा फेरी मारून येतो’ म्हणून बाहेर पडत.

आम्हां मुलांपाशी त्यांनी कबाबाचे नाव कधी घेतले नाही. ‘आज शूल्य झाले,’ असे ते हळूच म्हणत. आजोबांनी लहानपणी त्यांच्याकडून अमरकोश घोकून घेतला होता, त्याचा हा उपयोग! सळईवर भाजलेल्या मांसाला अमरसिंहाने शूलाकृत, भटित्र आणि शूल्य असे तीन शब्द दिले आहेत; तेव्हा ज्या घरात अमरकोश पाठ होता, त्या घरात कबाबही निदान शब्दरूपाने पाठ होताच. पुढे बाराव्या शतकात कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वर चालुक्याने रचिलेल्या ‘मानसोल्लासा’त, राजाच्या भोजनाच्या प्रकरणात, मांस सळईस टोचून निखाऱ्यावर भाजण्याची रीत सांगितलेली आहे, आणि आपला हा मुलूख त्या काळी त्याच चालुक्यांच्या राज्यात होता. ‘कबाब’ हा शब्द अरबी-फारसीतून आला आणि ‘सीख’ म्हणजे फारसीत सळई, हे खरेच.  पण विस्तवावर सळई धरण्याची कल्पना कोणी तरी आपल्यावर लादली, असे म्हणणाऱ्यांनी एकवार अमरकोश उघडून पाहावा.

असो. दोन हिवाळ्यांपासून काकांचे गुडघे कामातून गेले आणि बुधवारची फेरी बंद पडली. गेल्या कार्तिकात त्यांना ताप आला, तो उतरल्यावर अन्नावरची वासना उडाली. मऊ भात पुढे ठेवला तरी दोन घासांवर ताट सारावयाचे. डॉक्टर म्हणाले, ‘पथ्याचे राहू द्या, मीठ तेवढे बेताचे ठेवा, यांना जे खावेसे वाटते ते आधी पोटात जाऊ द्या.’ तेव्हा सारे घर भोवती असताना आमच्या धाकट्या सुनेने विचारले, ‘आजोबा, काय खावेसे वाटते?’ काकांनी छताकडे पाहत, अमरकोश बाजूस ठेवून, सरळ मराठीत सांगितले, ‘सीख कबाब.’

खोलीत इतकी शांतता पसरली की डॉक्टरांनी आपली पिशवी उचलली. आमची आई काकांची वहिनी. तिचे सोवळे आता वयामुळे सैल झाले असले, तरी स्वयंपाकघर अजून तिच्या शब्दावर चालते. ती म्हणाली, ‘भाऊजी, इतकी वर्षे मला ठाऊक नव्हते असे वाटले की काय? मी या घरात आले तेव्हा तुम्ही सुट्टीला हैदराबादेहून येत होतात. तुमच्या सदऱ्यांना धुराचा वास यायचा. ते सदरे मीच धुतलेले आहेत.’ आणि मग आमच्याकडे वळून तिने हुकूम सोडला, ‘आणा. स्वयंपाकघरात नको, देवघराच्या भिंतीला लागून नको. ओसरीवर द्या. आणि आणायचेच तर चांगले पाहून आणा. या वयात माणसाने वाईट खाऊ नये.’

ही शेवटची अट सर्वांत कठीण होती. आम्ही जन्मात कबाब चाखलेला नाही आणि पुढेही चाखण्याचा विचार नाही. ज्याने ऊस खाल्ला नाही त्याने गुऱ्हाळाची परीक्षा करावी, तशातला हा प्रकार. पुतण्यास बरोबर घेतले, पण परीक्षक म्हणून तो निरुपयोगी ठरला. तरुण मंडळींस जे तिखट ते उत्तम. पाच ठिकाणी त्याने खाल्ले आणि पाचही ठिकाणी डोळ्यांतून पाणी काढीत ‘मस्त’ एवढाच अभिप्राय दिला. अखेर आम्ही आमच्या नाक, कान आणि डोळे या तीन इंद्रियांवरच भिस्त ठेवून बशीरगंज, कारंजा आणि पेठ बीड हा सारा टापू संध्याकाळच्या वेळी पालथा घातला.

न खाणाऱ्यासही पुष्कळ काही कळते, असा आमचा अनुभव आहे. ज्या शेगडीत ज्वाळा नाचतात तेथे कबाब वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. जेथे निखारा राखेने पांढुरका झालेला असतो आणि माणूस पुठ्ठ्याने सावकाश वारा घालीत असतो, तेथे थांबावे. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडून जो धूर उठतो तोच या पदार्थाचा खरा मसाला, तो डोळ्यांस चुरचुरत नाही. डाळ्याच्या पिठाचा कच्चट वास आला तर समजावे की मांसाच्या जागी पीठ भरले आहे. परंतु सर्वांत भरवशाची खूण शेगडीपाशी नसून गिऱ्हाइकांत असते. उभ्याउभ्या खाणाऱ्यांची गर्दी पाहू नये. घरचा डबा घेऊन आलेल्या बाया आणि पोरे किती आहेत ते पाहावे. जो पदार्थ माणूस आपल्या लेकरांसाठी विकत नेतो, त्याविषयी त्याने पुरती चौकशी केलेली असते.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे विचारावी लागते, आणि ती विचारण्यात आम्हांस प्रथम फार संकोच वाटला. राज्यात गोहत्येस १९७६ च्या कायद्याने बंदी होती, ती २०१५ च्या मार्चपासून बैल आणि वळू यांसही लागू झाली. म्हैसवर्ग त्या बंदीबाहेर आहे. त्यामुळे गाड्यांवरचा स्वस्त कबाब पुष्कळदा म्हशीच्या मांसाचा असतो. त्यास ‘बडे का’ म्हणतात, आणि बोकडाच्या मांसास ‘छोटे का’. हे कोणी लपवीत नाही. आम्ही अडखळत विचारले, तेव्हा एका गाडीवाल्याने हातातील सळई न थांबविता सांगितले, ‘बडे का है साहब, आपके काम का नहीं. छोट्याचे पाहिजे असेल तर पुढच्या गल्लीत मिळेल.’ आपले गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे पाठविणारे दुकानदार आम्ही मोठमोठ्या पेढ्यांवरही फारसे पाहिलेले नाहीत.

पहिल्या बुधवारी साऱ्या गावात नावाजलेल्या ठिकाणचा सीख आणला. तेथे निखाऱ्यावरून उतरताना तो कसा रसरशीत दिसत होता! पण चकचकीत कागदात गुंडाळून, रस्त्यावरची गर्दी कापीत घरी येईपर्यंत वीस मिनिटे गेली. आतल्या वाफेने वरचे कवच ओलसर झाले, मार्गशीर्षातील थंडीने चरबी थिजली आणि खिमा आवळून आला. काकांची कवळी ताप आल्यापासून सैल झालेली. त्यांनी एक तुकडा बराच वेळ तोंडात घोळविला आणि म्हणाले, ‘हे शूल्य नव्हे रे, नुसता शूल आहे.’ काका विनोद करू लागले याचाच घरास आनंद झाला, पण ताट तसेच परत गेले. दुसऱ्या बुधवारी ‘मऊ असेल ते द्या’ म्हणून दुसरीकडून आणले. त्यात कच्ची पपई इतकी सढळ हाताने पडली होती की मांसाचे पीठ झाले होते. पपईतील रस मांसाचे तंतू तोडतो, त्यास वेळेचे बंधन असते. ते चुकले की मांस मऊ न होता गिळगिळीत होते.

दात आणि कबाब यांचे वैर जुनेच आहे. लखनौचा गलावटी कबाब दात गेलेल्या नवाबासाठी निघाला अशी आख्यायिका आहे, आणि तेथल्या चौकातील टुंडे कबाबीचे दुकान १९०५ पासून त्याच मऊपणावर नाव मिळवून आहे. आमच्या बीडला तर दातांच्या बाबतीत याहून थोर परंपरा आहे. महंमद तुघलक वरंगळहून दौलताबादेस परतत असता बीडजवळ त्याचा दात पडला, आणि त्या दाताचे त्याने समारंभपूर्वक दफन करविले, असे फिरिश्त्याने लिहून ठेविले आहे. करजणी गावापाशी तो घुमट आजही उभा आहे. काकांनी ही गोष्ट शाळेत पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगितली. दुसरे ताट परत करताना ते म्हणाले, ‘बादशहाने दात पुरला, मी निदान कवळी जपून ठेवली आहे.’

तिसऱ्या खेपेस आम्ही पेठ बीडच्या एका गल्लीतील लहानशा दुकानात गेलो. मालक आमच्याच वयाचे. त्यांस सारी हकीगत सांगितली: खाणारे कोण, दात किती, घर किती दूर. ते हसून म्हणाले, ‘तुम्ही स्वतः खात नाही, मग चांगले-वाईट ओळखणार कसे?’ आम्ही म्हणालो, ‘ताट रिकामे परत आले की ओळखू.’ यावर त्यांनी जो विचार सांगितला तो आमच्या तीन आठवड्यांच्या संशोधनाहून मोलाचा होता. सीख हा दुकानात खाण्याचा पदार्थ, तो घरी नेण्याचा नव्हेच. जगातील उत्तम सीख वीस मिनिटांनंतर मध्यम होतो. घरी न्यावयाचा तर शामी न्यावा. त्यात मांस हरभऱ्याच्या डाळीबरोबर आधी शिजवून, मग वाटून घेतलेले असते. त्यास दातांचे काम नाही, आणि निवला तरी तव्यावर पुन्हा जिवंत होतो. हे शामी दुकानात होत नसत, त्यांच्या घरच्या बाया करून पाठवीत. म्हणजे आम्ही तीन आठवडे जे बाजारात हुडकीत होतो, ते एका घरातून दुसऱ्या घरात जावयाचे होते.

त्या बुधवारी काकांनी चार शामी खाल्ले आणि पाठोपाठ दहीभात मागून घेतला. आईने ओसरीच्या दाराशी उभे राहून ताट रिकामे झाल्याचे पाहिले आणि काही न बोलता आत गेली. दुसऱ्या दिवशी तिने एक पितळी ताटली चिंचेने घासून ओसरीच्या कोनाड्यात ठेवविली. ती काकांची झाली. मग बुधवारचा नेम बसला. घरातील तरुण मंडळींनी या सवलतीचा फायदा घेण्याचा एक-दोनदा प्रयत्न केला, पण ‘ती ताटली एकाच माणसाची आहे’ असे सांगून आईने तो मोडून काढला. हा न्याय पुतण्यास अजून पटलेला नाही, आणि त्याच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे.

गेल्या रमजानात मात्र अडचण उभी राहिली. काकांना औषधासाठी सातच्या आत जेवावे लागते आणि दुकान उघडे ते रोजा सुटल्यावर. त्यानंतर तेथे मुंगीस शिरावयास वाव नसतो. मालकांनीच तोड काढली. वाटलेले मिश्रण ते दुपारीच डब्यातून देऊ लागले. ‘वड्या थापा, तव्यावर परता, झाले.’ झाले खरे, पण आता तयार पुडके नव्हे, तर परतावयाचे मांस घरी आले होते, आणि ते परतण्यास घराचा विस्तव लागणार होता. स्वयंपाकघरातला तवा मागण्याची कोणाची छाती नव्हती. धाकट्या सुनेने बाजारातून नवा लोखंडी तवा आणला, मागच्या अंगणात कोळशाची शेगडी पेटविली, आणि जिने आयुष्यात अंडे फोडले नव्हते ती शामी थापावयास बसली. माहेरी पुरणपोळी थापलेला हात. वड्या सुरेख गोल झाल्या.

आम्ही आणि पुतण्या पहाऱ्यावर असल्यासारखे अंगणाच्या दारात उभे. आई मधल्या खोलीत माळ घेऊन बसली होती आणि वारा नेमका त्या बाजूस होता. तेल तापले, पहिली वडी चुरचुरली आणि धूर खिडकीतून सरळ आत गेला. माळेचा आवाज थांबला. सुनेने घाबरून आमच्याकडे पाहिले. क्षणभराने आतून आईचा आवाज आला, ‘अगं, कांदा करपतो आहे. आच कमी कर, आणि उलथण्याने दाबू नकोस.’