मुका संगणक

एखादी वस्तु बंद पडली म्हणजे दोन प्रकारचीं माणसें पाहावयास मिळतात. एक प्रकार तिला थापट्या मारणारांचा, व दुसरा तिला तत्काळ टाकून देणारांचा. पहिल्यास धीर नसतो, दुसऱ्यास आशा नसते. आणि तिला झालें आहे तरी काय, हें विचारण्याची इच्छा दोघांपाशींहि नसते. वास्तविक बंद पडलेलें यंत्र म्हणजे एक न सुटलेलें गणितच होय, व गणित पायरीपायरीनेंच सुटतें. बालमित्रांनो, गेल्या पावसाळ्यांत असें एक गणित सोडविण्याचा प्रसंग मजवर आला. त्याची हकीकत तुम्हांस व तुमच्या पालकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहें.

आमच्या शाळेंतील इयत्ता नववीच्या एका विद्यार्थ्याची आई घरबसल्या टंकलेखनाचें काम करिते. लग्नपत्रिका, अर्ज, करारनामे, क्वचित् एखादें पुस्तक, अशीं कामें करून त्या माउलीनें आजवर संसार चालविला आहे. तिचा संगणक आषाढांतील एका सकाळीं सुरू होईना. कळ दाबली कीं आंतील पंखा फिरे, पुढचा दिवा लागे. परंतु पडदा काळाचा काळाच राही, व यंत्रांतून कसलाहि आवाज येत नसे. बाजारांतील एका दुरुस्ती करणाऱ्यानें पेटी उघडूनहि न पाहतां "मदरबोर्ड गेला, नवीन यंत्र घ्या," असा निकाल दिला. नव्या यंत्राची किंमत म्हणजे त्या घरची जवळजवळ तीन महिन्यांची मिळकत. शिवाय आंतील हार्ड डिस्कवर एका वृद्ध गृहस्थांच्या आठवणींचीं दोनशे पृष्ठें होतीं. चार महिने खपून तीं तिनें उतरविलीं होतीं, त्यांची दुसरी प्रत कोठेंहि नव्हती, आणि काम देण्याची मुदत आठ दिवसांवर आली होती. मुलगा वर्गांत सहसा तोंड न उघडणारा. शाळा सुटल्यावर तो माझ्या टेबलापाशीं येऊन नुसता उभा राहिला. "काय रे, काय झालें?" असें मीं दोनदां विचारलें, तेव्हां म्हणाला, "सर, आई रडते आहे."

त्याच सायंकाळीं मी त्यांच्या घरीं गेलों. चहाचा पेला पुढें ठेवून बाई म्हणाल्या, "सर, यंत्र गेलें तर गेलें, तीं पानें तेवढीं निघतील का?" मीं त्यांस सांगितलें, "ताई, मदरबोर्ड निराळा आणि हार्ड डिस्क निराळी. एक गेल्यानें दुसरी जात नाहीं. डिस्क शाबूत असेल तर ती दुसऱ्या यंत्रास जोडून पानें काढतां येतात. पण आधीं या यंत्रास काय होतें आहे तें पाहूं."

संगणक सुरू होतो म्हणजे नेमकें काय होतें, हें येथें सांगितलें पाहिजे. भिंतींतील वीज २३० व्होल्ट दाबाची व सतत दिशा पालटणारी असते. पेटींतील वीजपुरवठ्याचा डबा, ज्यास एस. एम. पी. एस. म्हणतात, तिचें रूपांतर १२, ५ व ३.३ व्होल्टच्या एकाच दिशेनें वाहणाऱ्या विजेंत करितो. पुरवठा स्थिर झाला कीं तो मदरबोर्डास तशी खूण देतो, आणि मग प्रोसेसर जागा होतो. मदरबोर्डावरील एका लहानशा चिपमध्यें लिहून ठेविलेल्या सूचना तो वाचूं लागतो. जुन्या यंत्रांत या सूचनांस बायोस म्हणत. नव्या यंत्रांत त्यांची जागा यू. ई. एफ. आय. ने घेतली आहे. त्यांतील पहिलें काम म्हणजे हजेरी घेणें. रॅम हजर आहे काय? पडद्याकडे चित्र पाठविणारा भाग हजर आहे काय? कळफलक हजर आहे काय? हजेरी पुरी झाली म्हणजेच हार्ड डिस्कवरील मोठी कार्यप्रणाली उठविली जाते. या सर्व व्यवहारास बूट होणें असें म्हणतात. स्वतःच्याच बुटांच्या पट्ट्या धरून स्वतःस वर उचलणें, अशा अर्थाच्या एका इंग्रजी वाक्प्रचारावरून हा शब्द आला. कारण येथेंहि यंत्र आपल्याच बळावर उठून उभें राहतें. हजेरींत मोठी उणीव आढळली व पडदा अद्याप जागा झालेला नसला, तर आंत लहानसा भोंगा असलेलें यंत्र बीप बीप असा आवाज करून तक्रार करितें. आमची अडचण ही होती कीं, भोंगा असूनहि आमचें यंत्र तक्रारच करीत नव्हतें.

मीं मुलास एक कोरी वही आणावयास सांगितली. पानावर दोन रकाने पाडले. एकावर 'काय केलें' व दुसऱ्यावर 'काय झालें' असें लिहविलें. नियम एकच ठरविला: एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची. प्रथम त्याच सॉकेटांत टेबलावरचा दिवा लावून पाहिला, तो लागला. मॉनिटर बंद करून पुन्हां लावला. त्यावर क्षणभर 'सिग्नल नाहीं' अशा अर्थाचीं अक्षरें आलीं. म्हणजे मॉनिटर जिवंत होता, त्याजकडे कांहीं पोंचत मात्र नव्हतें. दोघांमधील केबल घट्ट बसविली, फरक नाहीं. मग प्रिंटर, माउस व शेवटीं कळफलक, असें एकेक काढीत गेलों. तरीहि फरक नाहीं. मुलगा म्हणाला, "सर, पंखा फिरतो आहे, म्हणजे वीज तरी ठीक आहे ना?" मीं म्हटलें, "पंखा १२ व्होल्टवर फिरतो. तेवढी वीज येते इतकेंच सिद्ध झालें. बाकीची येते हें अद्याप सिद्ध व्हावयाचें आहे." त्यानें तेंहि वहींत टिपून ठेविलें.

आतां पेटी उघडणें प्राप्त झालें. येथें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. वायर सॉकेटांतून काढल्यावांचून पेटी उघडूं नये, व उघडल्यावर पेटीच्या उघड्या धातूस हात लावून अंगांतील स्थिर वीज उतरवावी. एस. एम. पी. एस. चा डबा तर कधींच उघडूं नये. वायर काढल्यानंतरहि त्यांत घातक वीज सांठून राहते. प्रथम हार्ड डिस्क काढून पाहिली, फरक नाहीं. मग आम्ही रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून बाजूस ठेविल्या, पुन्हां वायर लावली व कळ दाबली. तोंच भोंगा मोठ्यानें ओरडूं लागला. स्वयंपाकघरांतून बाई धांवत आल्या. "काय बिघडलें, सर?" "बिघडलें नाहीं, ताई, बोललें." रॅम नाहीं अशी तक्रार करावयास प्रोसेसर, बायोस व पुरवठा हे सर्व जागे असावे लागतात. मदरबोर्ड मेला असता तर तक्रार करावयास कोण उरलें असतें?

संशय आतां रॅमवर आला. एकेक पट्टी निरनिराळी बसवून पाहिली. दोन्ही खेपेस यंत्र मुकें. पट्टीची सोनेरी कड उजेडांत धरली तों तीवर मळकट थर दिसला. कोंकणांतील पावसाळी हवेंत ओल व धूळ मिळून असा थर सहज जमतो, व तेवढ्यानें विजेचा संपर्क तुटतो. मुलगा उतावीळ होऊन म्हणाला, "दोन्ही पट्ट्या पुसूं आणि आंतला सेलहि बदलूं." मीं म्हटलें, "मग दोष कोणाचा होता हें तुला कसें कळणार?" त्यानें कंपासपेटींतील मऊ खोडरबर काढलें. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, म्हणून एकच पट्टी अगदीं हलक्या हातानें पुसली, रबराचा चुरा ब्रशानें झाडला, व खांच जुळवून ती बसविली. कळ दाबली. एक लहान बीप झाला, आणि पडदा उजळला.

घड्याळ मात्र कित्येक वर्षांपूर्वींची तारीख दाखवीत होतें. तो दोष बटणासारख्या सेलचा. त्याचें नांव सीआर २०३२; या अंकांतच त्याचें माप आहे, व्यास २० मिलिमीटर व जाडी ३.२ मिलिमीटर. यंत्र बंद असतां त्याचें घड्याळ हा ३ व्होल्टचा सेल चालू ठेवतो. दुसऱ्या दिवशीं नवा सेल आणून घातला, दुसरी पट्टीहि पुसून बसविली, हार्ड डिस्क जोडली. दोनशेंच्या दोनशें पानें जागच्या जागीं होतीं. काम मुदतींत पोंचलें. पुढील आठवड्यांत विज्ञानाच्या तासास त्या अबोल मुलानें आपली वही सर्व वर्गास स्पष्ट आवाजांत वाचून दाखविली, व मुलांच्या प्रश्नांस उत्तरेंहि दिलीं.

प्रत्येक यंत्र खोडरबरानें उठेल असें मात्र कोणीं समजूं नये. कित्येकदां मदरबोर्ड खरोखरच जातो, व मग जाणत्या कारागिराकडेच गेलें पाहिजे. परंतु तेथें जाण्यापूर्वीं काय केलें व काय झालें याची वही ज्याच्या हातीं असेल, त्यास कोणी उगाच नवें यंत्र विकूं शकणार नाहीं. पालकांस एवढीच विनंति कीं, घरांतील महत्त्वाचें लिखाण कधींहि एकाच ठिकाणीं ठेवूं नये; एक प्रत दुसऱ्या डिस्कवर व शक्य तर एक दुसऱ्या घरीं असावी. आणि विद्यार्थ्यांनो, एखादें यंत्र किंवा एखादा माणूस मुका दिसला, तर तो निकामी आहे असा निकाल देण्याची घाई करूं नका. एकेक प्रश्न क्रमानें विचारा, आणि उत्तर ऐकावयास थांबा.