वेतन आणि निष्ठा

ज्या खेळाचे सगळे नियम आपणांस ठाऊक नाहीत, त्या खेळाच्या निमित्ताने नीतीचा विचार मांडणे हे एका निवृत्त शिक्षकाचे धार्ष्ट्यच होय. तथापि २०१९ सालच्या ज्येष्ठ महिन्यात अमेरिकेतील सेंट लुईस नगरात एका सायंकाळी मी जे पाहिले, त्याने माझी एक जुनी समजूत मुळापासून हलली. ती समजूत पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत नांदत असावी, असे वाटल्यावरून हा लेखप्रपंच.

प्रथम घरची गोष्ट सांगतो. आमचे घर वाईचे. थोरल्या बंधूंचे व माझे कुटुंब एकत्र असून स्वयंपाक आजही एकाच चुलीवर होतो. माझ्या चिरंजिवाने २००९ साली पुण्यातील बरी नोकरी सोडून सेंट लुईस गाठले. निघण्याच्या आदल्या रात्री, ओटीवर घरची सारी मंडळी बसलेली असता, मी त्याला म्हणालो, "चार पैसे अधिक मिळतात म्हणून हे घर सोडणारा तूच पहिला." त्याने उत्तर दिले नाही. वाकून नमस्कार केला आणि तो आत गेला. पुढे दहा वर्षे त्याचे बोलावणे येई, वाड्याच्या दुरुस्तीला पैसे येत. पण ते वाक्य आम्हां दोघांच्या मध्ये तसेच बसून होते. अखेर २०१९ साली मी त्याच्याकडे तीन महिने राहावयास गेलो.

त्या नगरात बेसबॉल हा केवळ खेळ नव्हे, तो जवळजवळ कुळाचार आहे. तेथील संघाचे नाव कार्डिनल्स. कार्डिनल हा तांबडा पक्षी, म्हणून सारे प्रेक्षक तांबडी वस्त्रे नेसून येतात. २१ जून रोजी चिरंजीव मला सामन्यास घेऊन गेला. पाहुण्या संघातून आल्बर्ट पुहोल्स नावाचा खेळाडू त्या दिवशी येणार होता. हा गृहस्थ २००१ पासून ११ हंगाम कार्डिनल्सकडून खेळला, २००६ व २०११ साली त्याच्या संघाने अजिंक्यपद मिळवले, आणि ह्या अवधीत तीन वेळा तो आपल्या लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. नंतर २०११ च्या डिसेंबरात १० वर्षांच्या, सुमारे २४ कोटी डॉलरच्या करारावर तो लॉस एंजेलिसच्या एंजल्स संघात निघून गेला. त्यानंतर ह्या मैदानावर तो प्रथमच पाऊल ठेवीत होता.

मला वाटले, आता धिक्कार होईल. पुहोल्स बॅट घेऊन पुढे आला, आणि ते सारे मैदान उभे राहिले. टाळ्या थांबेनात. यजमान संघाचा यष्टिरक्षक मोलिना, त्याचा जुना सोबती, मुद्दाम जागेवरून पुढे सरकला, म्हणजे टाळ्यांना अवधी मिळावा. आणि मग दोघांनी एकमेकांस आलिंगन दिले. शेजारी बसलेल्या एका वृद्धाने टोपी काढून छातीशी धरली होती.

मी चिरंजिवाला विचारले, "हा पैशासाठी गेला ना? मग हे लोक उभे का?"

"अण्णा, तो इथे अकरा वर्षे खेळला," एवढेच तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, आणि ते पुहोल्ससाठीच भरले होते असे मला वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी पुहोल्सने त्यांच्याच संघाविरुद्ध होमरन मारला, तेव्हाही ते लोक उभे राहिले. मी मात्र विचारात पडलो. उरलेले आठवडे शब्दकोश जवळ घेऊन चिरंजिवाच्या कपाटातील ह्या खेळाचे इतिहास वाचले. नामवंत खेळाडू संघापेक्षा द्रव्याला अधिक मानतात काय, हा प्रश्न अमेरिकेत वारंवार विचारला जातो. मला आढळले की, तो विचारताना अर्धी हकीकत विसरली जाते.

ती हकीकत अशी. १८७९ साली संघांच्या मालकांनी आपसांत एक ठराव केला: प्रत्येक संघाने पाच खेळाडू राखून ठेवावेत आणि त्यांना दुसऱ्या कोणी घेऊ नये. पुढे हे बंधन सर्वच खेळाडूंना लागू झाले. करार संपला तरी खेळाडूवरील हक्क मालकाचाच राही. देऊ केलेले वेतन घ्यावे, नाही तर खेळ सोडावा, एवढीच मोकळीक. मालकाला मात्र त्यास विकता येत असे. बेब रूथसारखा अलौकिक खेळाडू बॉस्टनच्या मालकाने १९१९ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या यँकीज संघाला १ लाख डॉलरला विकला. मक्तेदारीविरुद्धचा कायदा ह्या खेळास लागू नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२२ साली दिला. अशा काळात खेळाडू एकाच संघात वीस वर्षे राहिला, तर ती निष्ठा म्हणावी की वेठ?

निष्ठा मुळीच नव्हती, असे मी म्हणत नाही. सेंट लुईसच्या त्या मैदानाबाहेर स्टॅन म्यूझियल ह्याचा पुतळा उभा आहे. हा थोर खेळाडू २२ हंगाम कार्डिनल्सकडेच खेळला. १९४६ साली मेक्सिकोतील एका धनाढ्याने त्याच्यापुढे मोठी रक्कम ठेवली. ती त्याने नाकारली. १९५९ चा हंगाम वाईट गेला, तेव्हा त्याने आपण होऊन वेतन १ लाखावरून ८० हजार डॉलरवर आणविले. असे चारित्र्य दुर्मीळच. परंतु त्याच म्यूझियलला १९५६ साली फिलाडेल्फियाच्या एका गोलंदाजाच्या बदल्यात देऊन टाकण्याचा घाट त्याच्या संघाच्या व्यवस्थापकाने घातला होता. मालकाने तो मोडला म्हणून बरे. निष्ठेचा हिशेब दोन वह्यांत लिहावा लागतो. आपण सहसा नोकराचीच वही उघडतो.

दुसरा मनुष्य कर्ट फ्लड. हाही कार्डिनल्सचाच, १२ हंगाम खेळलेला, दोन अजिंक्यपदांचा वाटेकरी. १९६९ च्या ऑक्टोबरात त्याला कळविण्यात आले की, त्याची फिलाडेल्फियाला अदलाबदल झाली आहे. त्यास कोणी विचारले नव्हते. त्याचे वेतन ९० हजार डॉलर होते आणि नवा संघ १ लाख द्यावयास तयार होता. फ्लडने ते नाकारले. बारा वर्षांच्या सेवेनंतर आपण खरेदीविक्रीची वस्तू आहोत हे मला मान्य नाही, अशा आशयाचे पत्र त्याने खेळाच्या आयुक्तांस लिहिले आणि न्यायालयात दाद मागितली. एवढ्या वेतनाच्या माणसाने गाऱ्हाणे काय करावे, असे विचारले असता, दास भरपूर पगाराचा असला तरी दासच, असे त्या कृष्णवर्णी गृहस्थाने उत्तर दिले. १९७२ साली पाच विरुद्ध तीन मतांनी तो हरला. १९७० चा हंगाम गेला; १९७१ साली तेरा सामने खेळून त्याने खेळ सोडला. म्हणजे खेळाडूंच्या कोट्यवधींची वाट ज्याने दाखविली, त्याने स्वतः द्रव्यावर पाणीच सोडले होते.

बंधन तुटले ते १९७५ च्या डिसेंबरात, अँडी मेसरस्मिथ व डेव्ह मॅकनॅली ह्या गोलंदाजांच्या प्रकरणात लवादाने निकाल दिला तेव्हा. त्यातील मौज अशी की, मेसरस्मिथ लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाशी भांडला तो केवळ पैशासाठी नव्हे. माझ्या संमतीवाचून मला अन्यत्र धाडू नये, एवढे वचन त्यास हवे होते. राहू द्या म्हणणाऱ्याच्या हातून जाण्याचे दार उघडले! पुढे सहा हंगाम भरल्यावर खेळाडूस मोकळीक मिळावी, असा नियम ठरला.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. हुआन सोटो २०२४ च्या डिसेंबरात यँकीज सोडून त्याच नगरातील मेट्स संघाकडे १५ वर्षांच्या ७६ कोटी ५० लाख डॉलरच्या करारावर गेला. इतक्या रकमेपुढे लाख-दोन लाखांच्या फरकाचा पोटाशी संबंध उरत नाही. तेथे द्रव्य हे मानाचे माप होते. 'माझ्याहून अधिक कोणास मिळू नये' ही वासना श्रीमंतीने शमत नाही, हे आपल्या शास्त्रकारांनी पुष्कळदा सांगितले आहे. उलट शोहेई ओहतानी ह्याने २०२३ साली ७० कोटींचा करार केला खरा. पण त्यातील ६८ कोटी करारकाळानंतर घेण्याचे मान्य केले, म्हणजे संघाच्या हाती इतर चांगले खेळाडू घेण्यास पैसा राहावा. तेव्हा सर्वांस एकाच दोरीने बांधता येत नाही.

महाभारतातील एक प्रसंग मी वर्गात अनेक वर्षे शिकविला. युद्धारंभी धर्मराज शस्त्र टाकून पायी भीष्मांकडे आशीर्वाद मागण्यास जातो, तेव्हा तो पितामह कबूल करतो की, कौरवांच्या द्रव्याने मी बांधला गेलो आहे. मी हे मानवी दुर्बलतेचे उदाहरण म्हणून सांगत असे. सेंट लुईसहून परतल्यावर मला त्यात निराळे दिसले: जो सोडून जातो तोच अर्थाचा दास असे नव्हे, जो राहतो तोही असू शकतो.

हे लिहिताना माझीच आठवण टोचते. १९९२ साली पुण्याच्या एका शाळेने मला अधिक वेतनावर बोलाविले होते. मी गेलो नाही, आणि ही माझी निष्ठा म्हणून आयुष्यभर मिरविली. खरे सांगावयाचे तर वाड्यात भाडे पडत नव्हते, निवृत्तिवेतन बुडेल ही धास्ती होती, आणि नव्या ठिकाणी केवळ मॅट्रिक झालेल्या मास्तरास कोण विचारणार, हे भय होते. २००१ साली ज्या संस्थेसाठी मी राहिलो, तिने एका ओळीच्या पत्राने माझी दूरच्या शाखेत बदली केली आणि माझा संस्कृतचा वर्ग बंद केला. मला कोणी विचारले नाही. फ्लडने नकार दिला. मी वळकटी बांधली. हे मी घरी कधी ह्या शब्दांत सांगितले नव्हते, आणि मुलाला मात्र ओटीवर सर्वांदेखत निष्ठेचा पाठ दिला होता.

निष्ठा ही ज्याला जाण्याची मोकळीक आहे त्याच्याकडूनच मागता येते. आणि तिचे मोजमाप तो कोठे राहिला ह्यावरून नव्हे, जोवर होता तोवर कसा वागला ह्यावरून करावयाचे. ते तांबड्या टोपीतील लोक हे जाणत होते.

पुहोल्सची गोष्ट तेथे संपली नाही. करार पुरा होण्याआधीच, २०२१ च्या मे महिन्यात, एंजल्सने त्याला संघातून मोकळे केले. २०२२ साली २५ लाख डॉलरवर, म्हणजे पूर्वीच्या मानाने अल्प वेतनावर, तो शेवटच्या हंगामासाठी सेंट लुईसला परत आला. २४ सप्टेंबरच्या सकाळी मी स्नान आटोपून चहा घेत होतो, तोच चिरंजिवाचा फोन आला.

"अण्णा, सातशे झाले!" पुहोल्सचा सातशेवा होमरन.

मी म्हणालो, "ऐक. तेरा वर्षांपूर्वी ओटीवर मी जे बोललो, ते चुकीचे बोललो होतो."

पलीकडे बराच वेळ शब्द नव्हता. मग तो म्हणाला, "अण्णा, यंदाच्या पावसात ओटी गळली का हो?"

"नाही," मी म्हणालो. "तुझ्या पैशाने कौले बदलली, तेव्हापासून गळत नाही."