डायपोलचा पक्ष मी का सोडला

बरीच वर्षं मी ट्यून्ड डायपोल या अँटेनाची कैवारी होते. ईएमसी चाचणीच्या धंद्यातल्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. बाहेरच्या माणसाला मात्र आधी हा धंदाच समजावून द्यावा लागतो.

एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, चार्जर, सेट-टॉप बॉक्स असली उपकरणं चालू असताना थोड्याफार रेडिओलहरी बाहेर टाकत असतात. कुणी मुद्दाम टाकत नाही, पण शेजारच्याच्या रेडिओत खरखर व्हायला तेवढं पुरतं. म्हणून त्यांना मर्यादा घालून दिली आहे. ती ठरवणारी सिस्पर ही आंतरराष्ट्रीय समिती 1934 साली पॅरिसमध्ये स्थापन झाली, तीही रेडिओ ऐकणाऱ्यांच्या तक्रारींच्या काळातच. चाचणीत उपकरण फिरत्या टेबलावर ठेवतात, 3 किंवा 10 मीटरवर मास्टवर अँटेना चढवतात आणि 30 मेगाहर्ट्झपासून 1 गिगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा तपासतात. घरात वापरायच्या मल्टिमीडिया उपकरणाला 10 मीटरवर, 230 मेगाहर्ट्झच्या खाली, 30 डेसिबल-मायक्रोव्होल्ट प्रति मीटर एवढीच मुभा असते. म्हणजे मीटरमागे सुमारे 32 मायक्रोव्होल्ट. एवढं बारीक मोजायचं तर अँटेनावर भरवसा लागतो, आणि माझा सगळा भरवसा डायपोलवर होता.

कारण सरळ होतं. डायपोल म्हणजे दोन दांड्या, दोन्ही मिळून तरंगलांबीच्या निम्म्या. 300 मेगाहर्ट्झला अर्धा मीटर. सांगलीला वालचंद कॉलेजात क्राउसच्या अँटेनांवरच्या पुस्तकातून त्याचं गणित पहिल्यांदा सोडवलं तेव्हा 73 ओहम हा आकडा कागदावर अवतरताना पाहिला होता, आणि त्याचा आनंद पुढे नोकरीतही टिकला. या अँटेनाबद्दल कुणाला काही विचारावं लागत नाही, ती स्वतःच आपला हिशेब देते, असं मला वाटायचं. उलट बायकोनिकल आणि लॉग-पिरिऑडिक या ब्रॉडबँड अँटेनांसोबत एक तक्ता येतो. अमुक फ्रीक्वेन्सीला इतका अँटेना फॅक्टर मिळवा, असं तो सांगतो. रिसीव्हरवर 18 डेसिबल दिसले, अँटेना फॅक्टरचे 12, केबलमध्ये गेलेले 2, बेरीज 32. मर्यादा 30, उपकरण फेल. या बेरजेतले 12 कुठून आले? कुणीतरी दिले म्हणून. ते मला खटकायचं. हे घाईच्या लोकांचं हत्यार आहे, असं मी उघड म्हणायचे.

नियमही माझ्या बाजूने होता. 1985 च्या सिस्पर 22 या मानकात अँटेना म्हणून संतुलित डायपोलच सांगितला होता. दुसरी काही वापरायची असेल तर तिची रीडिंग डायपोलशी जुळतात हे दाखवा, असा त्याचा भाव. तो परिच्छेद मला जवळजवळ पाठ होता. त्यातलंच पुढचं अर्ध वाक्य मात्र मी कधी मोठ्याने वाचलं नाही. त्याकडे येते.

आधी जागेबद्दल, कारण माझं मत बदललं त्यात जागेचा हात आहे. जयपूरच्या मालवीय नगरात मी आले ती नवऱ्याच्या बदलीमुळे, आणि राहिले ती कामामुळे. मालवीय औद्योगिक क्षेत्रातल्या शेडमधून छोटे कारखानदार आपला माल तपासायला आमच्याकडे घेऊन येतात. अशा ठिकाणी उघड्यावर मोजमाप करणं म्हणजे वेड्यासारखं काम. 88 ते 108 मेगाहर्ट्झवर एफएम, त्याच्या वर सांगानेर विमानतळावर उतरणाऱ्या वैमानिकांचं बोलणं, आणि मोबाइलचे टॉवर तर जिकडे तिकडे. त्या गर्दीत 32 मायक्रोव्होल्ट कुठे दिसणार? म्हणून चेंबर. भिंतींना आणि छताला फेराइटच्या फरशा, त्यावर शोषक शंकू, आणि खाली धातूची जमीन.

माझ्या डायपोलचा पहिला पराभव या जमिनीने केला. धातूच्या जमिनीत अँटेनाची प्रतिमा पडते आणि ती प्रतिमा मूळ अँटेनाशी देवघेव करते. मास्ट 1 मीटरपासून 4 मीटरपर्यंत वरखाली करावा लागतो, कारण थेट आलेली आणि जमिनीवरून परतलेली लहर कोणत्या उंचीला एकमेकींना जोर देतील हे आधी कळत नाही. उंची बदलली की डायपोलचा इम्पिडन्स बदलतो. क्राउसचे 73 ओहम मोकळ्या अवकाशातले, आणि माझ्या चेंबरमध्ये मोकळं अवकाश नाही. म्हणजे ज्या आकड्याला मी स्वयंसिद्ध मानत होते तो मास्टच्या मोटरबरोबर सरकत होता. बायकोनिकलही यातून पूर्ण सुटत नाही. पण 30-40 मेगाहर्ट्झला तिची सव्वा-दीड मीटरची पिंजऱ्यासारखी रचना तरंगलांबीच्या मानाने आखूड असते, त्यामुळे तिथे जमिनीशी तिचं नातं बरंच सैल राहतं. तिच्या आखूडपणाला मी नेहमी नावं ठेवायचे. त्याचाच तिला फायदा होता.

दुसरी गोष्ट त्या अर्ध्या वाक्यातली. 30 मेगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी 5 मीटर होते. एवढा डायपोल उभा धरायचा तर त्याचा मध्य अडीच मीटरच्या खाली आणताच येत नाही, आणि आडवा धरला तर तो चेंबरच्या भिंतींना जाऊन भिडतो. नियम लिहिणाऱ्यांना हे माहीत होतं. म्हणून त्यांनी लिहिलं की 80 मेगाहर्ट्झच्या खाली डायपोलची लांबी 80 चीच ठेवा, म्हणजे सुमारे 1.87 मीटर. याचा अर्थ 80 च्या खाली तो ट्यून्ड नसतोच. आणि आमच्याकडे फेल होणारा माल बहुतेक तिथेच फेल होतो, कारण त्या फ्रीक्वेन्सींना उपकरणाची वायरच अँटेनाचं काम करते. जिथे सगळ्यात जास्त गरज तिथेच माझी शुद्ध अँटेना नियमाच्या परवानगीने अशुद्ध झालेली होती. हे मला तेव्हाही कळत होतं. मी त्या वाक्यावरून पुढे जायचे, एवढंच.

तरीही मी हटले नव्हते. यात थोडा अहंकार होता, तो सांगायला हवा. मीटर टेप घेऊन दांड्या मिलिमीटरपर्यंत लावणं मला छान जमायचं. शिकाऊ मुलामुलींना मी तासन्‌तास तेच करायला लावायचे आणि त्याला शिस्त म्हणायचे. बायकोनिकल खांद्यावर टाकून येणारा माणूस एका फेरीत 30 ते 300 पाहून मोकळा व्हायचा. माझ्या हातातल्या कसबाला त्यात जागाच नव्हती.

मत हललं ते एका स्विचिंग पॉवर सप्लायमुळे. असल्या सप्लायमधला ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो आणि त्याच्या गुणितांचा गठ्ठा दहा-दहा मेगाहर्ट्झवर पसरतो. शिवाय तो तापला की गठ्ठ्याचं शिखर सरकतं. वायर हातभर हलवली तरी सरकतं. मी 47 वर दांड्या जुळवून बसेपर्यंत शिखर 52 वर गेलेलं, 52 वर जुळवेपर्यंत ते बसलेलं आणि 70 च्या आसपास दुसरं उठलेलं. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की डायपोल एका अटीवर खरं बोलतो: प्रश्नाची फ्रीक्वेन्सी तुम्हाला आधी माहीत हवी. आमच्या कामात तीच तर शोधायची असते. डायपोल संदेश ऐकणाऱ्यासाठी आहे. संदेश पाठवणारा आपली फ्रीक्वेन्सी जाहीर करतो. गळती करणारं उपकरण काही जाहीर करत नाही.

गंमत अशी की ट्यून्ड आणि ब्रॉडबँड ही दोन्ही घराणी एकाच कागदावर जन्मली आहेत. ऑलिव्हर लॉजला 1898 मध्ये मिळालेल्या अमेरिकी पेटंटाचा मुख्य दावा ट्यूनिंगचा आहे, प्रेषक आणि ग्राहक एका सुरात आणण्याचा. आणि त्याच पेटंटच्या आकृत्यांमध्ये टोकाला टोक लावलेले शंकू आहेत, आजच्या बायकोनिकलचे पूर्वज. त्याच्या आदल्याच वर्षी जगदीशचंद्र बोस लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आपली फनेलच्या आकाराची अँटेना दाखवून आले होते. आज 1 गिगाहर्ट्झच्या वर आम्ही हॉर्न लावतो ते त्याच कुळातलं. लॉग-पिरिऑडिक मात्र उशिरा आली, 1950 च्या दशकाच्या अखेरीला इलिनॉय विद्यापीठात, ड्यूहॅमेल आणि इझबेल यांच्या हातून. माशाच्या काट्यासारखी दिसते: लांब दांड्या मागे, आखूड पुढे, आणि ज्या फ्रीक्वेन्सीला ज्या दांड्या लागू पडतात तेवढ्याच जाग्या होतात. म्हणजे ती डायपोलांची रांगच आहे. फक्त कुठला डायपोल वापरायचा हे ती तुमच्याकडून वदवून घेत नाही. हे ध्यानात आल्यावर तिच्याशी माझं वैर टिकणं कठीण होतं.

रुंद पट्ट्याची हीच गरज दुसरीकडेही दिसते. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची. सुरुवातीला ती काही ठरावीक अरुंद पट्ट्यांतच ऐकायची. अलीकडच्या सुधारणेत तिचे फीड बदलून 120 ते 1450 मेगाहर्ट्झपर्यंत जवळजवळ सलग ऐकण्याची सोय केली. दूरच्या दीर्घिकांमधल्या हायड्रोजनची रेषा विश्वाच्या प्रसरणामुळे कुठे सरकून येईल ते अंतरावर ठरतं, म्हणून दार रुंद हवं. रुंद दारातून आजूबाजूचा गोंगाटही आत येतो, आणि तो निवडून काढायचं काम तिथल्या लोकांना कायमचं लागलेलं आहे. नारायणगावच्या माळावरची ही देवघेव माझ्या चेंबरमधल्या देवघेवीसारखीच निघाली.

उरला प्रश्न त्या तक्त्याचा. दुसऱ्याने दिलेल्या आकड्यावर विसंबायचं का? इथे मला कॅलिब्रेशनची तीन अँटेनांची पद्धत नीट समजून घ्यावी लागली. तीन अँटेना घ्यायच्या, एकीचाही फॅक्टर माहीत नसला तरी चालेल. दोन-दोनच्या तीन जोड्या करून प्रत्येक जोडीत किती सिग्नल पोहोचतो ते मोजायचं. तीन मोजमापं, तीन अज्ञातं, समीकरणं सुटतात. कुठल्याही मूळ, पवित्र अँटेनाची गरज पडत नाही. मी ज्याला सांगोवांगी म्हणत होते ते शाळेतलं बीजगणित होतं. उलट माझ्या डायपोलच्या पोटातला बॅलन, म्हणजे दोन दांड्यांना केबलशी जोडणारा ट्रान्सफॉर्मर, किती डेसिबल खातो हे क्राउस सांगत नाहीत. तेही शेवटी मोजावंच लागतं.

याच काळात पाहुण्यांबरोबर सवाई जयसिंगांच्या जंतरमंतर वेधशाळेला जाणं झालं. जयपुरात राहणाऱ्या मराठी घराला हे चुकत नाही. जयसिंगांच्या पदरी जगन्नाथ सम्राट नावाचे महाराष्ट्रीय पंडित होते. ते अरबी शिकले आणि टॉलेमीचं ज्योतिष, युक्लिडची भूमिती त्यांनी संस्कृतात आणली. एरवी पाहुण्यांना मी एवढंच अभिमानाने सांगते. पण जयसिंगांनी पितळेची यंत्रं का टाकली याची कारणं त्यांच्या झिज-ए-मुहम्मदशाहीच्या प्रस्तावनेत आहेत: यंत्र लहान, विभाग अपुरे, आस झिजतात, केंद्र सरकतं. म्हणून चुन्याची आणि दगडाची, जागची न हलणारी यंत्रं. पूर्वी मला यात डायपोलची बाजू दिसायची: साधी, भूमितीतून आलेली वस्तू. आता माझ्या डायपोलच्या दुर्बिणीसारख्या आत-बाहेर सरकणाऱ्या दांड्या आठवल्या. त्यांचे सांधे झिजतात, लांबी दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होते, आणि 900 मेगाहर्ट्झला तेवढं जाणवतं. बायकोनिकलचा पिंजरा एकदा घट्ट बसला की त्यात जुळवायला काही राहत नाही. जयसिंगांच्या यादीतले दोष माझ्याच लाडक्या यंत्रात होते. तिथल्या सम्राट यंत्र या दगडी सूर्यघड्याळावर 2 सेकंदांच्या खुणा आहेत, पण सूर्य बिंदू नसल्यामुळे सावलीची कड धूसर पडते. खूण बारीक केली म्हणून मोजमाप बारीक होत नाही, हे तिथे उन्हात उभं राहून दिसतं. सिस्परने अशा चाचणीतली अनिश्चितता 6.3 डेसिबलपर्यंत धरलेली आहे. मी मिलिमीटरवर भांडत होते तेव्हा ती धूसर कड माझ्या दांड्यांपेक्षा कितीतरी रुंद होती.

तेव्हा आता आमच्याकडे रोजच्या कामाला बायकोनिकल आणि लॉग-पिरिऑडिकची जोडी असते. ट्यून्ड डायपोल मी विकू दिला नाही. दोन तक्ते आपसांत भांडले की एखाद्या ठरलेल्या फ्रीक्वेन्सीला पंच म्हणून तो अजून उत्तम आहे, आणि तिथे त्याची अटही पाळली जाते.

बायलॉगबाबत मात्र माझं मत बदललेलं नाही. 1990 च्या दशकात आलेली ही जोडअँटेना, मागे बायकोनिकलसारखे पंख आणि पुढे लॉग-पिरिऑडिक, सगळा पट्टा एका दमात घेते, अँटेना बदलायचा वेळ वाचतो. कारखानदारांना ती प्रिय, कारण चेंबरचं भाडं तासावर असतं. पण तिची ऐकण्याची जागा फ्रीक्वेन्सीबरोबर मागून पुढे सरकते. ती मधल्या खुणेपासून 30-30 सेंटिमीटर मागेपुढे गेली तर 3 मीटरच्या चेंबरमध्ये दोन टोकांत पावणेदोन डेसिबलचा फरक पडतो, 10 मीटरला अर्ध्या डेसिबलचा. शिवाय उभी धरून 1 मीटरवर आणली की तिचे पंख जमिनीच्या फार जवळ येतात. आमचे बिकानेरकडचे वरिष्ठ म्हणतात, दुरुस्तीचा तक्ता लावा आणि पुढे चला. मी म्हणते, 10 मीटरला खुशाल लावा. नव्या 3 मीटरच्या चेंबरची खरेदी याच मुद्द्यावर अडली आहे.